सासऱ्यांच्या अल्बममधली सात अक्षरे

पत्र (थोडक्यात): आम्ही साताऱ्यात राहतो. माझे सासरे टपाल खात्यातून निवृत्त झाले होते. गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कपाटात तिकिटांचे चार अल्बम, एक पत्र्याचा डबा आणि कोणते तिकीट केव्हा व कितीला घेतले याची वही सापडली. वहीतील काही नोंदींखाली त्यांनी लाल रेघ मारली आहे. गांधीजींचे दहा रुपयांचे वापरलेले तिकीट, ज्यावर इंग्रजीत ‘सर्व्हिस’ छापलेले आहे. सिंध डाकचे लाल गोल तिकीट. राणी व्हिक्टोरियाचे एक रुपयाचे कोरे तिकीट. पिवळा रंग छापायचा राहून गेलेले फुलाचे एक तिकीट. आणि भोर व सांगली संस्थानांची मिळून तीन तिकिटे. एक व्यापारी घरी येऊन पाहून गेला. तो सगळ्याचे मिळून ६०,००० रुपये देतो म्हणतो आणि सात दिवसांत उत्तर मागतो. मुलगा म्हणतो की या गांधी तिकिटाची किंमत कोटींच्या घरात आहे. खरे-खोटे घरच्या घरी ओळखता येईल का? छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी जे करू नये ते सांगतो, कारण ते एकदा झाले की माझ्या किंवा कोणाच्याही सल्ल्याचा उपयोग राहत नाही. कोणतेही तिकीट अल्बममधून ओढून काढू नका, ओल्या कापसाने पुसू नका, मागचा जुना कागद सोडवण्यासाठी पाण्यात टाकू नका आणि सुरकुतलेल्या तिकिटावर इस्त्री फिरवू नका. ती वही अल्बमइतकीच जपून ठेवा. तिकीट कोणाकडून, कोणत्या साली, किती रुपयांना आले याची मालकाच्या हातची नोंद असणे हा संग्रहाच्या वंशावळीचा पुरावा असतो. आणि तो पुरावा कधी तिकिटाच्या बाजूने बोलतो, तर कधी विरुद्ध, हे पुढे आपल्या लक्षात येईलच.

सर्वसाधारण समज असा असतो की खोटे तिकीट म्हणजे कोणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत छापलेली नक्कल. अशा नकला असतात आणि त्या पुष्कळ असतात, पण दहापट भिंग हातात असलेल्या माणसाला त्या फार दिवस फसवू शकत नाहीत. खरा घात होतो तो खऱ्या तिकिटावर केलेल्या कारागिरीने. कागद खरा, छपाई खरी, दंतुर कडा खऱ्या. बदललेली असते ती एकच गोष्ट, आणि किंमत नेमकी तिच्यावर अवलंबून असते. आमच्या सांगलीच्या हळदीच्या बाजारात हळकुंडाचा वरचा रंग पाहून कोणी भाव ठरवत नाही, ते मोडून आतला गाभा पाहतात. तिकीट मोडता येत नाही, म्हणून त्याचा कागद, छपाई, छिद्रे, डिंक आणि शिक्का यांना वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात आणि सगळ्यांची उत्तरे एकाच काळाची येतात की नाही ते पाहावे लागते.

आता आपल्या गांधी तिकिटाकडे येऊ, कारण आपल्या घरातील सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरत असणार. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटे निघाली. ती स्वित्झर्लंडमधील कुर्व्हॉइझिए या मुद्रणालयाने फोटोग्रॅव्हूर पद्धतीने छापली आणि त्यांवर देवनागरी व उर्दू या दोन्ही लिपींत ‘बापू’ असे लिहिलेले आहे. यांपैकी काही तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयाच्या वापरासाठी इंग्रजीत ‘सर्व्हिस’ हा शब्द वरून छापण्यात आला. दहा रुपयांच्या अशा तिकिटांची संख्या होती अवघी १००. आपल्या मुलाने जे वाचले ते सर्वस्वी खोटे नाही. २०१७ साली अशा चार तिकिटांची एक पट्टी पाच लाख पौंडांना विकली गेली होती.

परंतु याच आकड्यामुळे हे तिकीट बनवेगिरी करणाऱ्यांचे लाडके झाले आहे. विचार करा: बिनशिक्क्याचे असो वा वापरलेले, साधे दहा रुपयांचे गांधी तिकीट संग्राहकांच्या बाजारात मिळू शकते. त्याचा कागद, रंग, छिद्रे हे सगळे अस्सलच असते. त्यावर रोमन लिपीतील सात अक्षरे उमटवली की झाले. संपूर्ण तिकीट छापण्यापेक्षा सात अक्षरे छापणे किती सोपे! म्हणूनच वरून छापलेल्या, म्हणजे ओव्हरप्रिंट असलेल्या, कोणत्याही महागड्या तिकिटाकडे आरंभीच संशयाने पाहावे. चंबा, फरीदकोट, ग्वाल्हेर, जिंद, नाभा आणि पटियाला या संस्थानांची तिकिटे ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर संस्थानाचे नाव छापून तयार होत असत, आणि त्यांच्यातही हाच प्रकार फार चालतो.

आपल्या छायाचित्रात मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे शिक्क्याची गोल कड ‘सर्व्हिस’मधील तिसऱ्या आणि चौथ्या अक्षरांवरून जाते. कार्यालयाने वापरलेल्या अस्सल तिकिटावर अक्षरे आधी छापलेली असणार आणि टपालाचा शिक्का नंतर पडलेला असणार, म्हणजे शिक्क्याची शाई अक्षरांच्या वर असायला हवी. अक्षरे शिक्क्याच्या वर असतील तर वापरून झालेल्या साध्या तिकिटावर ती मागाहून उमटवली आहेत, यात शंका राहत नाही. तिकीट खिडकीशी नेऊन उजेड तिरपा पडेल असे धरा आणि दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे भिंगातून पाहा. वरच्या शाईची चमक अखंड जाते आणि खालची तुटल्यासारखी दिसते. दोन्ही शाया काळ्या असल्या की भिंगालाही चकवा बसतो, हे मात्र कबूल केले पाहिजे, आणि तशा वेळी हा निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो.

दुसऱ्या गोष्टीसाठी भिंगाचीही गरज नाही. शिक्क्यावर कराडचे नाव अर्धवट का होईना वाचता येते. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी केलेल्या शंभर तिकिटांपैकी एक कराडच्या टपाल कचेरीत शिक्का खाऊन आपल्या सासऱ्यांच्या अल्बमात आले, असे मानायला फार मोठी श्रद्धा लागेल. त्यात वहीतील नोंद म्हणते की हे तिकीट १९८७ साली ४,००० रुपयांना एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतले. माझे मत स्पष्ट आहे: तिकीट खरे, शिक्काही बहुधा खरा, आणि ती सात अक्षरे खोटी. दुःखाची बाब अशी की कराडचा शिक्का असलेले दहा रुपयांचे साधे गांधी तिकीटसुद्धा संग्राहकाने आनंदाने घेतले असते. कोणीतरी हावेपोटी अक्षरे छापून त्याचे तेही मोल घालवले. अक्षरे पुसण्याचा प्रयत्न मात्र करू नका. ती पुसली तर एका फेरफाराचे दोन होतात.

हे तिकीट मुळात तरी अस्सल आहे हे मी कशावरून म्हणतो? आपण भिंगातून काढलेल्या दुसऱ्या छायाचित्रात चेहऱ्याच्या छटा एकमेकींत सहज मिसळलेल्या दिसतात, म्हणून. फोटोग्रॅव्हूरमध्ये गडद भागात शाई जास्त आणि फिक्या भागात कमी बसते, त्यामुळे छटा सलग वाटते. हल्लीच्या ऑफसेट छपाईत निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांचे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे गोलाकार मांडलेले दिसतात. तसे ठिपके १९४८ च्या किंवा त्याहून जुन्या तिकिटावर दिसले तर पुढची कोणतीही परीक्षा करण्याचे कारण नाही. घरगुती प्रिंटरने काढलेल्या नकलेत तर शाईचे तुषार कडेबाहेर उडालेले दिसतात. व्हिक्टोरियाच्या काळातील, लंडनच्या डे ला रू कंपनीने छापलेल्या तिकिटांची गोष्ट आणखी वेगळी: ती उठावाच्या ठशाने दाबून छापलेली असल्यामुळे रेषेच्या कडेला शाई किंचित साचते आणि काही वेळा मागच्या बाजूला दाबाची खूण जाणवते. त्याची नक्कल सपाट शिळाछापाने केली की चित्र तंतोतंत जमते, पण ही साचलेली कड येत नाही.

सिंध डाकबद्दल लिहिताना मला नेहमी साताऱ्याची आठवण होते, आणि आपण साताऱ्याच्याच असल्यामुळे थोडे विषयांतर क्षम्य ठरेल. १ जुलै १८५२ रोजी ही तिकिटे काढणारे बार्टल फ्रिअर हे सिंधचे आयुक्त होण्यापूर्वी साताऱ्यात रेसिडेंट होते. छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराजांचे १८४८ मध्ये निधन झाले आणि डलहौसीने सातारा खालसा केले, तेव्हा दत्तकाचा हक्क मान्य व्हावा असे मत याच फ्रिअर यांनी दिले होते. ते मत डावलले गेले, पुढे ते सिंधला गेले आणि तेथे आशियातील पहिली टपाल तिकिटे त्यांनी काढली. साताऱ्यातील एखाद्या घरात सिंध डाक असावे अशी इच्छा म्हणूनच मलाही होते.

पण आपणच पत्रात लिहिले आहे की हे तिकीट “जाड लाल कागदाचे असून वाकवले तरी तुटत नाही”. वाकवून पाहिले हे बरे केले नाही, तरी त्यामुळे निकाल लागला. लाल सिंध डाक ही पाकिटे बंद करण्यासाठी वापरत त्या प्रकारच्या ठिसूळ चकतीवर उठवलेली होती. ती हाताळताना तडकत, आणि म्हणूनच नंतर पांढऱ्या कागदावर नुसत्या उठावाची व निळ्या रंगाची तिकिटे आली. १ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध हिंदुस्थानसाठी तिकिटे सुरू झाल्यावर ही सगळीच बंद झाली. लाल तिकीट शाबूत मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे. वाकणारे लाल सिंध डाक म्हणजे आठवण म्हणून केलेली प्रतिकृती. ती अल्बममध्ये राहू द्या, शेजारी पेन्सिलने ‘प्रतिकृती’ असे लिहा आणि नातवंडांना फ्रिअर यांची गोष्ट सांगताना दाखवा.

जाता जाता हे सांगायला हवे की माहीत असताना बनावट तिकीट खरे म्हणून विकणे हा विनोद नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८६ मध्ये अशा खोट्या तिकिटांबद्दल स्वतंत्र तरतूद आहे, आणि वापरलेल्या तिकिटावरची खूण पुसण्याबद्दल त्याच्या आधीचे कलम १८५ आहे.

व्हिक्टोरियाच्या एक रुपयाच्या तिकिटात मला सर्वांत जास्त रस आहे, कारण त्याबद्दल छायाचित्रावरून काहीच ठरवता येत नाही. करड्या रंगाचे, ‘ईस्ट इंडिया’ असे लिहिलेले हे तिकीट १८७४ चे असावे. तसे असेल तर त्याच्या कागदात हत्तीच्या डोक्याचा वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, मिळाला पाहिजे. १८८२ पासूनच्या तिकिटांवर नुसते ‘इंडिया’ येते आणि वॉटरमार्क ताऱ्याचा होतो. एखाद्या काळ्या बशीत तिकीट पालथे ठेवून त्यावर बेंझिनचे दोन थेंब टाकले की कागद ओला होताना हत्तीचे डोके क्षणभर गडद दिसते आणि बेंझिन उडाले की नाहीसे होते. बेंझिन पेट घेते, म्हणून हे काम स्वयंपाकघरात गॅसजवळ कदापि करू नका, खिडक्या उघड्या ठेवा. डिंकाला त्याने अपाय होत नाही, परंतु फोटोग्रॅव्हूरच्या काही तिकिटांचा रंग त्यात सुटतो, तेव्हा गांधीजींना त्यात बुडवू नका.

वॉटरमार्क बरोबर मिळाला म्हणून लगेच पेढे वाटायचे नाहीत. इटलीत जन्मलेल्या आणि फ्रान्समधील एक्स-ले-बाँ येथे राहिलेल्या जाँ द स्पेराती याने याच विश्वासाचा फायदा घेतला. तो त्या काळचे एखादे स्वस्त अस्सल तिकीट घेई, त्यावरची छपाई रसायनांनी धुऊन काढी आणि उरलेल्या कागदावर महागडे तिकीट छापी. कागद त्या काळचा, वॉटरमार्क त्या काळचा, छिद्रे त्या काळची, कधीकधी तर शिक्कासुद्धा मूळचा! १९४२ मध्ये त्याने पोर्तुगालला पाठवलेली तिकिटे फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी अडवली. तज्ज्ञांनी ती अस्सल ठरवली आणि मौल्यवान मालाच्या बेकायदा निर्यातीचा ठपका त्याच्यावर आला. तेव्हा, तिकिटे आपण स्वतः बनवली आहेत हे सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावर आली. पुढे १९५४ मध्ये ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने त्याचा सगळा साठाच विकत घेतला, म्हणजे तो बाजारात यायचा थांबावा.

आपल्या तिकिटाची खरी परीक्षा त्याच्या पाठीवर आहे. दीडशे वर्षांचे कोरे तिकीट, त्याला पूर्ण डिंक, कोठेही हिंजची खूण नाही, असे व्यापारी म्हणाला असेल तर मला आनंदाऐवजी काळजी वाटते. एकेकाळी सगळेच संग्राहक डिंक लावलेल्या कागदी पट्टीने, म्हणजे हिंजने, तिकिटे चिकटवत असत. त्यामुळे त्या खुणेशिवायच्या तिकिटाला जास्त भाव येतो आणि म्हणूनच जुन्या पाठीवर नवा डिंक लावण्याचा धंदा चालतो. ओळखण्याची युक्ती अशी: कारखान्यात डिंक आधी लावला जाई आणि छिद्रे नंतर पाडली जात, त्यामुळे दात फाडल्यावर त्यांच्या टोकाला कागदाचे मऊ तंतू मोकळे राहतात. डिंक नंतर लावला तर तो या तंतूंमध्ये शिरतो, दातांची टोके कडक होतात आणि बोटाच्या पेराला करवतीसारखी लागतात. भिंगातून पाहिल्यास छिद्रांच्या आतल्या कडेवर डिंकाची लुकलुक दिसते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. अनेक वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून मी पंचम जॉर्जचे एक कोरे तिकीट घेतले. पाठ इतकी स्वच्छ आणि चकचकीत होती की मी भावात घासाघीससुद्धा केली नाही. घरी येऊन माझ्याकडच्या एका साध्या कोऱ्या तिकिटाशेजारी ते ठेवले तेव्हा डिंक मागाहून लावलेला आहे हे कळले आणि माझा मूर्खपणा उघड झाला. नंतर २०१९ च्या पुरात कृष्णेचे पाणी आमच्या तळमजल्यावर आले आणि माझा एक अल्बम भिजला. डिंक निघून गेलेली ती तिकिटे पाहून एका ओळखीच्या गृहस्थांनी “डिंक लावून देतो, कोणाला कळणार नाही” असे आपुलकीने सुचवले. मी ती तशीच, डिंकाविना, ठेवली आहेत.

नोटा तपासायचा छोटा जांभळा दिवा आपल्याकडे असेल, किंवा जवळच्या दुकानदाराकडून मागून आणता येत असेल, तर अंधाऱ्या खोलीत हे तिकीट त्याखाली धरा. कागदाला पांढरेशुभ्र दिसावे म्हणून घालतात ती चमकदार द्रव्ये दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आली. त्यामुळे व्हिक्टोरियाचे तिकीट निळसर पांढरे झळकले तर ते गंभीर लक्षण आहे. दुरुस्त केलेली फाट, पातळ झालेल्या जागी भरलेला लगदा, पुसलेल्या पेनच्या सहीच्या किंवा शिक्क्याच्या रेषा याही या उजेडात वेगळ्या रंगाने वर येतात. मोठ्या किमतीची तिकिटे महसुली कागदपत्रांवर पेनने रद्द केली जात आणि ती सही धुऊन त्यांना ‘कोरे’ करण्याचा उद्योग फार जुना आहे, म्हणून एक रुपयाच्या तिकिटाबाबत हे अवश्य पाहा. मात्र एक सावधगिरी: तिकीट कधी साबणाच्या पाण्यात भिजले असेल तर कपडे धुण्याच्या पावडरीतील तीच द्रव्ये त्याला चिकटतात आणि खरे तिकीटही झळकते. म्हणजे या दिव्याची साक्ष ऐकावी, पण तिच्या एकटीच्या जोरावर फाशी देऊ नये.

छिद्रे मोजणे सोपे आहे. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रे बसतात हे मोजण्याची रीत पॅरिसच्या डॉक्टर लग्राँ यांनी १८६६ मध्ये मांडली आणि ती आजही तशीच चालते. डे ला रूच्या त्या काळातील तिकिटांसाठी चारही बाजूंना १४ आकडा यायला हवा. एखाद्या बाजूचे तुटके दात कापून नवे पाडले असतील तर त्या बाजूची छिद्रे समोरच्या बाजूच्या छिद्रांशी सरळ रेषेत येत नाहीत, आणि तिकीट जोडीदारांपेक्षा काडीभर अरुंद भरते.

पिवळा रंग नसलेल्या फुलाच्या तिकिटाबद्दल फारसे लिहीत नाही. छपाईत एखादा रंग खरोखरच राहून जातो आणि त्याला भावही येतो, पण उन्हात ठेवलेल्या किंवा रसायनात बुडवलेल्या तिकिटाचा पिवळा व लाल रंग आधी उडतो आणि निळा-काळा टिकून राहतो. भिंगातून फुलाच्या पाकळीत फिकट पिवळ्या ठिपक्यांचे अवशेष दिसले, किंवा अल्बमच्या पट्टीखाली झाकल्या गेलेल्या कडेवर थोडा रंग शिल्लक असला, तर ती छपाईची चूक नसून खिडकीची करणी आहे. आपल्या छायाचित्रात बाकीचे रंगही मलूल दिसतात. मला आशा वाटत नाही.

संस्थानांच्या तिकिटांपैकी सांगलीचे तिकीट आधी घेतो. आमच्या सांगली संस्थानाने स्वतःची टपाल तिकिटे कधीच काढली नाहीत. त्याची होती ती कोर्ट फीची आणि महसुली तिकिटे. ती खरी असतात, सुंदरही असतात आणि त्यांचे संग्राहकही आहेत, पण त्यांना टपालाचे तिकीट म्हणून विकणे ही लबाडी आहे. आपल्या तिकिटाच्या तीन बाजूंना पुरेशी मोकळी जागा आहे आणि खालची बाजू मात्र चित्राला लागून कापली आहे. त्या पट्टीवर काय लिहिलेले होते, ते ओळखण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. सासऱ्यांनी हे तिकीट चार अल्बमांत फिरवत ठेवले होते, असे आपण लिहिले आहे. मला वाटते, त्यांनाही शंका होती.

भोरची दोन मात्र काळजीपूर्वक हाताळण्यासारखी आहेत. सातारच्या जहागिरींपैकी भोरने खरोखरच टपाल तिकिटे काढली: १८७९ ची हातशिक्क्याने देशी कागदावर उठवलेली, आणि १९०१ चे पंतसचिवांचे चित्र असलेले अर्ध्या आण्याचे. दोन्हींना छिद्रे नाहीत. हातशिक्क्याच्या तिकिटाची अडचण अशी की त्याला वॉटरमार्क नाही, दात नाहीत, यंत्राची शिस्तही नाही. म्हणजे आतापर्यंत सांगितलेल्या बहुतेक परीक्षा येथे लंगड्या पडतात आणि बनावट करणाऱ्याला रान मोकळे मिळते. एक खूण मात्र उपयोगी पडते. हाताने मारलेला प्रत्येक शिक्का दाबाने, शाईने आणि कलाने थोडा निराळा उमटतो, त्यामुळे अस्सल तिकिटे एकमेकांशी कधी तंतोतंत जुळत नाहीत. आपली दोन्ही तिकिटे एकाच जातीची आहेत आणि छायाचित्रात ती निरनिराळ्या गडदपणाची दिसतात. कागदही जाडसर आणि असमान वाटतो. वहीत ती १९६२ साली भोरच्याच एका कुटुंबाकडून जुन्या दप्तरासकट मिळाल्याची नोंद आहे. १९८७ च्या फिरत्या विक्रेत्यापेक्षा ही वंशावळ कितीतरी भक्कम आहे.

ही दोन आणि व्हिक्टोरियाचे एक, अशी तीनच तिकिटे तज्ज्ञांकडे प्रमाणपत्रासाठी पाठवण्याच्या लायकीची मला वाटतात. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती असे प्रमाणपत्र देते. त्याला शुल्क आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून प्रथम वर सांगितलेल्या घरगुती परीक्षांतून व्हिक्टोरिया पार पडते का ते पाहा. टपाल खात्याचे फिलाटेलिक ब्यूरो नवी तिकिटे विकतात. जुन्याच्या खरेपणाची हमी देणे हे त्यांचे काम नव्हे, तेव्हा तेथील खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला कोड्यात टाकू नका. व्यापाऱ्याने एखादे प्रमाणपत्र स्वतःहून दाखवले तर त्यावरील छायाचित्राशी तिकिटाचे दात एकेक करून जुळवा आणि क्रमांक देणाऱ्या संस्थेकडूनच पडताळून घ्या. प्रमाणपत्र खरे आणि तिकीट दुसरेच, असाही प्रकार होतो.

आता ६०,००० रुपये आणि सात दिवस. गांधी व सिंध डाक यांच्या जोरावर ही रक्कम देऊ केली असेल, तर तो व्यापारी भोळा आहे असे म्हणावे लागेल, आणि घरी येऊन पाहून जाणारे व्यापारी सहसा भोळे नसतात. स्वातंत्र्योत्तर काळातील साध्या तिकिटांनी भरलेल्या अल्बमांना भाव बेताचाच येतो, हे त्यालाही ठाऊक असणार. म्हणून त्याला एवढेच सांगा की रक्कम एकत्र नको, प्रत्येक लाल रेघेच्या तिकिटासमोर त्याचा आकडा लिहून सहीनिशी द्यावा. त्या कागदावर भोरच्या दोघांसमोर काय लिहिले जाते ते मला पाहायचे आहे. कागद देण्यास त्याने टाळाटाळ केली तर सातवा दिवस उलटू द्या. तपासणीसाठी म्हणून कोणतेही तिकीट त्याच्या हाती देऊ नका, आणि तत्पूर्वी प्रत्येकाची पुढची व मागची बाजू स्कॅनरवर मोठ्या आकारात घेऊन ठेवा. साताऱ्याच्या पावसाळी हवेत डिंक ओला होऊन पानांना चिकटतो, तेव्हा पाठीची परीक्षा आणि स्कॅनचे काम कोरड्या दिवशी, दुपारच्या उन्हात खोली तापल्यावर करा. स्कॅन मला पाठवाल तेव्हा व्हिक्टोरियाच्या दातांचा भाग स्वतंत्रपणे मोठा करून पाठवा. मी तो आधी पाहीन.